भिंतीपलीकडचं वाक्य

वॉल्टरचं बोलणं संपलं, तसा त्याने भिंतीवरून हात लांब करून माझं मनगट धरलं. त्याचे डोळे भरून आले होते.

मी मान हलवली आणि त्याच्या बोलण्याचं शेवटचं टोक उचललं. "अवर जॅनेट. येस, येस. अवर जॅनेट."

"गुड लॅड, नेव," तो म्हणाला. मग काठी टेकत घरात गेला. दार लागलं.

मी मागच्या अंगणात तसाच उभा राहिलो. एका हातात कपड्यांचे चिमटे, दुसऱ्या हातात जावयाचा ओला शर्ट. एवढा म्हातारा माणूस डोळ्यांत पाणी आणून माझ्याशी बोलला, मी त्याला हो म्हणालो, आणि तो काय बोलला ते मला कळलंच नव्हतं.

हॅलिफॅक्स नावाचं गाव आहे यॉर्कशरमध्ये, तिथली ही गोष्ट. आता याला बरीच वर्षं झाली. माझी मुलगी मुक्ता तिथे नोकरीला होती आणि तिने मला सहा महिने राहायला नेलं होतं. द्वारका, म्हणजे तिची आई, जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला वायरमन. नेवाशाकडचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेलं इंग्रजी वाचायला पुरायचं. दुकानाच्या पाट्या, औषधाची बाटली, बसचा फलक, सगळं वाचायचो. पण तिथल्या माणसांनी तोंड उघडलं की माझं मॅट्रिक कुठल्या कुठे जायचं. शब्द ओळखीचेच असायचे. गेट, पुट, ऑफ, ऑन, अप. शाळेत पहिल्या वर्षी शिकलेले. पण हे लोक ते असे जोडायचे की ओळखीची दोन माणसं एकत्र उभी राहून मला ओळख दाखवत नाहीयेत असं वाटायचं.

त्यात माझी एक जुनी सवय आडवी यायची. आमच्या गावच्या सप्ताहात मी टाळकरी. कीर्तनाला बुवांच्या मागे उभं राहायचं, बुवांनी चरण सोडला की त्याचं टोक पकडायचं आणि सगळ्यांनी मिळून ते पुन्हा म्हणायचं. बुवा आज काय निरूपण करणार, कुठे वळणार, हे टाळकऱ्याला आधी ठाऊक नसतं. आधी झेलायचं, अर्थ मागून येतो. उभा जन्म हेच केलं. त्यामुळे कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की माझी मान आपोआप डोलायची आणि शेवटचे दोन शब्द तोंडातून परत यायचे. समोरच्याला बरं वाटायचं. म्हातारा छान ऐकतो, म्हणायचे.

एकदा दारावर एक टाय लावलेला पोरगा आला. बराच वेळ बोलला. मी प्रत्येक चरण झेलला. दोन दिवसांनी चार माणसं आली आणि नव्या बसवायच्या म्हणून घराच्या सगळ्या खिडक्यांची मापं घ्यायला लागली. मुक्ता घरी आली तेव्हा एक जण शिडीवर होता. त्यांना वाटेला लावताना तिला घाम फुटला. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "बाबा, समोर बुवा नाहीयेत. कळलं नाही तर सॉरी म्हणा. मान हलवू नका."

"आता नाही हलवणार," मी म्हणालो.

"आत्ता हलवलीत."

वॉल्टर ॲकरॉइड आमचा शेजारी. आमच्या आणि त्याच्या मागच्या अंगणात कमरेएवढी दगडी भिंत होती. माणूस ऐंशीच्या घरातला, पूर्वी गिरणीत मागांची दुरुस्ती करायचा. बायको गेलेली. मुलगी जॅनेट ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिला तो नेहमी 'अवर जॅनेट' म्हणायचा, जणू ती साऱ्या गल्लीची. माझं नाव 'निवृत्ती' त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने माझं 'नेव' करून टाकलं.

त्याच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी इस्पितळाची गाडी यायची, त्याला डायलिसिसच्या मशीनवर न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. उतरताना तो धुतलेल्या फडक्यासारखा दिसायचा. पाणीसुद्धा मोजून. चहाची तलफ आली की बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि माझ्या कपाकडे बघायचा, म्हणून मी त्याच्यासमोर चहा पिणं सोडलं. एकदा त्याने बाही वर करून मशीनच्या सुया टोचतात ती दंडावरची फुगलेली शीर दाखवली आणि माझा हात त्यावर ठेवला. आत सारखं गुणगुणत होतं. वीणेच्या भोपळ्यावर तळहात ठेवला की लागतं ना, अगदी तसं. मी नमस्कार केला तर तो हसायला लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं. तो बोलायचा, मी झेलायचो. त्याची मनातली जेवढी म्हणून बोलणी होती ती त्या भिंतीवर झाली आणि त्यातलं चार आणेसुद्धा मला कळलं नसेल.

आणि आता हे. शनिवारी संध्याकाळी मशीनवरून आल्या आल्या तो घरातही न जाता भिंतीपाशी आला आणि बोलला.

कान मात्र माझा टाळकऱ्याचा. अर्थ गेला तरी चाल जात नाही. त्याच्या बोलण्याचा मधला भाग वाहून गेला, पण शेवट जसाच्या तसा कानात राहिला, चढउतारासकट. "आयम पॅकिंग इट इन, नेव. थर्स्डे, अँड दॅट्स मी डन. डोन्ट यू लेट ऑन. नॉट इव्हन टु अवर जॅनेट." यातला गुरुवार तेवढा हाताला लागला. म्हणजे मी जे काही कबूल केलं होतं ते गुरुवारी होतं आणि त्यात त्याची मुलगी होती.

मुक्ताला विचारायला गेलो, पण खिडक्यांचं प्रकरण ताजं होतं.

"मुक्ते, 'लेट ऑन' म्हणजे काय गं?"

ती लॅपटॉपमध्ये होती. "कोण म्हणालं?"

"असंच. बुधवारच्या इंग्रजीच्या वर्गातलं."

"अख्खं वाक्य सांगा ना. यांचे हे बारके शब्द एकेकटे काही बोलत नाहीत." मग तिने मान वर केली. "बाबा, परत कुणाला हो म्हणालात का?"

"छे गं."

"मग घाम कशाला पुसताय?"

मी उठून भांडी घासायला गेलो. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

रविवारी सकाळी जॅनेटचा फोन यायचा. वॉल्टरचा फोन त्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी. मी उगाचच फाटकापाशी रेंगाळलो. तो मोठमोठ्याने हसत होता. म्हटलं, चला, म्हणजे वाईट काही नसावं. जॅनेट येणार असेल. गुरुवारी तिला आणायला स्टेशनवर जा असं म्हणाला असेल. पण मग रडला का? आनंदानेही रडतात माणसं. की तिच्यासाठी काही द्यायचंय माझ्याकडे? मी आत येऊन पांढरा सदरा धुतला, इस्त्री केली, टोपीला नीळ दिली. गुरुवारी कुठे जावं लागलं तर आपण तयार असावं.

सोमवारी तो भिंतीपाशी दिसला तेव्हा मी धीर करून म्हणालो, "थर्स्डे?"

"आय. थर्स्डे," तो म्हणाला, आय म्हणजे तिकडचं हो, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवला. तेव्हाच विचारायला हवं होतं, काय रे बाबा ते? पण तो ज्या विश्वासाने बघत होता, त्याच्यापुढे 'त्या दिवशी मी तुझं काही ऐकलंच नाही' असं कसं म्हणणार? मला बसवेना, उभं राहवेना. जेवताना घास हातात राहायचा. हरिपाठाला बसलो तर ओठ एकीकडे आणि मन भिंतीवर.

माझा आधार एकच होता. बुधवारचा वर्ग.

चर्चच्या मागच्या हॉलात ब्रेंडाबाई आमच्यासारख्यांना बोलायचं इंग्रजी फुकट शिकवायच्या. तेव्हा आम्ही तिघंच नियमाने यायचो. पोलंडची डोरोटा, बिस्किटांच्या कारखान्यात काम करणारी, हेमिन नावाचा कुर्दिस्तानचा न्हावी, आणि मी. ब्रेंडाबाईंची रीत अशी की पुस्तक नाही. प्रत्येकाने आठवड्यात बाहेर ऐकलेलं एक वाक्य आणायचं, न कळलेलं, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्याच्याच सुरात म्हणून दाखवायचं. मग त्या ते फळ्यावर लिहायच्या आणि उकलायच्या. मला ही रीत फार आवडायची.

त्या दिवशी डोरोटाने आधी म्हटलं, "आयम नॅकर्ड." तिची मुकादम रोज म्हणते.

"दमून मेले," ब्रेंडाबाई म्हणाल्या. "पण पाद्र्यांसमोर नका म्हणू."

"इट्स चकिंग इट डाऊन," हेमिनने गिऱ्हाइकाचा घोगरा आवाज काढला. चक म्हणजे फेकणं; फळ्यावर मुसळधार पाऊस आला. हेमिन म्हणाला, "आमच्याकडे पाऊस नुसता पडतो. इथे कोणीतरी फेकतं."

मग माझी पाळी. मी उठून उभा राहिलो. डोळे मिटले, कान लावला आणि जसंच्या तसं म्हटलं. वॉल्टरचा थकलेला खर्ज, 'डन'वर पडलेला आवाज, मधला दम, आणि 'जॅनेट'वरचा तो कापरा सूर. हुबेहूब उतरलं असावं, कारण डोरोटा नि हेमिन हसले आणि हेमिनने टाळीही वाजवली.

ब्रेंडाबाईंनी फळ्यावर 'पॅकिंग'पर्यंत लिहिलं होतं. त्यांचा हात तिथेच थांबला.

"हे कोण म्हणालं तुम्हाला?"

"माय नेबर. वॉल्टर."

"ते बर्फ खाणारे? मशीनवर जाणारे?" मी वर्गात त्याचं वर्णन पूर्वी केलं होतं.

"येस."

त्यांनी डस्टर शोधलं नाही. तळव्यानेच फळा पुसला. डोरोटाचं हसू गेलं होतं. तिने छातीवर क्रूस काढला. हेमिन कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. ब्रेंडाबाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"ते मशीन सोडतायत, निवृत्ती. गुरुवारी शेवटचं. त्यानंतर जाणार नाहीत."

"मशीन सोडलं तर..."

"हो. थोडेच दिवस."

"आणि ते लेट ऑन?"

"कुणाला कळू देऊ नकोस. जॅनेटलासुद्धा नाही. असं म्हणाले ते."

मी हॉलकडे पाहिलं. तीन माणसं होती. त्या तिघांसमोर उभा राहून, सूर लावून, मी ते म्हणून दाखवलं होतं.

ब्रेंडाबाईंनी त्या दोघांना सांगितलं की हे या खोलीत राहील. दोघांनीही हात छातीवर ठेवला. मग मला म्हणाल्या, "मी कुणाला बोलणार नाही. त्यांनी विश्वास तुमच्यावर टाकलाय."

"मला कळलं नव्हतं," मी म्हणालो.

"पण हो म्हणालात."

"हो म्हणालो."

बाहेर पडलो तो घराकडे गेलोच नाही. हॅलिफॅक्स सगळं चढउताराचं. एक रस्ता चढून गेलो, पुन्हा उतरलो, मग दुसरा चढलो. एका बाकावर बसलो आणि लगेच उठलो. एक मन म्हणे, तू वचन दिलंस, गप्प राहा. दुसरं म्हणे, न कळता दिलेलं वचन कसलं? त्यावर पहिलं म्हणे, त्याला कुठे माहीत आहे ते? तो तुझ्या होकारावर निश्चिंत झोपलाय. त्याला थांबवायचा विचारसुद्धा माझ्या मनात आला आणि मीच तो काढून टाकला. मशीनच्या त्या खुर्चीत मी बसत नव्हतो, तो बसत होता. पण रविवारी फोनवर त्याचं हसणं ऐकणारी ती पोरगी. पुढच्या रविवारी ती पुन्हा फोन करणार. त्याच्या पुढच्या रविवारी फोन कोण उचलणार?

घरी आलो तेव्हा मुक्ता आलेली होती. चहा ठेवत होती. बाहेर लख्ख ऊन. तिकडे उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही.

"कुठे होता? वर्ग तर केव्हाच सुटला."

मी खुर्चीवर टेकलो. "मुक्ते, तुझ्या आईचं तुला दोन आठवडे आधी कळलं असतं, तर काय केलं असतंस?"

द्वारका दोन दिवसांत गेली होती. ताप आला, नगरला नेलं, आणि संपलं. मुक्ता पोचली तेव्हा दारात दहाव्याची तयारी चालली होती. त्यावर ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

तिने गॅस बारीक केला. "काय करणार होते? भांडले असते तिच्याशी."

"भांडली असतीस?"

"मग? औषध का घेत नाहीस, मला आधी का सांगितलं नाहीस, दिवाळीला पाठवलेली साडी का नेसली नाहीस. सगळ्यावरून भांडले असते. दोन आठवडे पुरले नसते बाबा." तिने काहीतरी शोधत असल्यासारखं कपाट उघडलं आणि बराच वेळ त्यात तोंड घालून राहिली.

मी उठलो आणि मागच्या दाराने वॉल्टरकडे गेलो.

तो स्वयंपाकघरात बसला होता, पुढ्यात बर्फाची वाटी. मी न बसताच सुरुवात केली. माझं इंग्रजी तेव्हा विटा रचल्यासारखं, एकावर एक. ते इथे मराठीतच सांगतो.

"वॉल्टर, शनिवारी तुम्ही बोलला. मी हो म्हणालो. मला कळलं नव्हतं."

"काय कळलं नव्हतं?"

"काहीच."

"काहीच?"

"गुरुवार कळला."

त्याच्या भुवया वर गेल्या. "मग आता कसं कळलं?"

"वर्गात विचारलं. तुमचं बोलणं म्हणून दाखवलं."

"वर्गात." त्याने वाटी बाजूला सारली. "किती जणांना?"

"बाईंना. पोलंडची एक आहे. आणि कुर्दिस्तानचा एक न्हावी."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता काठी उचलतो. पण त्याच्या पोटातून काहीतरी खदखदत वर आलं आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला, मी पाठ चोळली. "कुर्दिस्तानचा न्हावी," तो डोळे पुसत म्हणाला. "साठ वर्षं या गल्लीत काढली मी. कुणाला पत्ता लागू दिला नाही कशाचा."

मग हसू ओसरलं. "जॅनेटला?"

"नाही. पण तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

"तुझा काय संबंध?" आता आवाज खरोखर चढला होता. "तू कोण? सहा महिन्यांचा पाहुणा. तू शब्द दिलास."

"तो शब्द नव्हता. ती सवय होती. आता कळलंय, आता विचारा."

"काय विचारू?"

"पुन्हा विचारा, गप्प बसशील का म्हणून."

काठीच्या मुठीवर त्याचा अंगठा नुसता फिरत होता.

"मी नाही म्हणेन," मी म्हणालो.

तो बोलला ते माझ्याकडे न बघता, पण मला कळावं म्हणून मुद्दाम सावकाश. "चार वर्षं झाली, नेव. आठवड्यातून तीनदा. उरलेले दिवस मी त्यातून सावरतो आणि पुन्हा जातो. मला भीती नाही वाटत. पण तिला सांगितलं तर ती रडेल. ती रडली तर मी म्हणेन, बरं बाई, जातो मशीनवर. लहानपणापासून असंच आहे. ती रडली की माझं काही चालत नाही. म्हणून नाही सांगत."

"रडू द्या. भांडू द्या," मी म्हणालो. "ते तिचं काम आहे. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तिला म्हणा. तिच्या माघारी नका म्हणू." मग मी त्याला मुक्ताचं सांगितलं. नगरचं इस्पितळ, दहावा, न नेसलेली साडी. साडी म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, पण न नेसलेली साडी कशी सांगावी ते मला येईना. मी म्हणालो, नवी साडी, कपाटात, घडीत. त्याला ते कळलं.

"जा आता," तो म्हणाला. "जा घरी."

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी मुक्ता आणि जावई कामाला गेल्यावर मी पोथी उघडून बसलो तर ओळ हलेना. बाराच्या सुमाराला मागच्या भिंतीवर काठी वाजली.

वॉल्टर दाढी करून, कोट घालून उभा होता. मशीनला जाताना कधीच कोट घालत नसे. म्हणाला, "चल."

पुढच्या खोलीत फोन होता. त्याने नंबर फिरवला. पर्थला तेव्हा संध्याकाळ. मी दाराशी उभा राहिलो. त्याने हाताने खूण केली, इथे ये, जवळ.

"जॅनेट? हो, मीच. नाही, रविवार नाहीये, मला माहीत आहे. नाही, काही झालेलं नाही." तो हसला. हवेबद्दल बोलला. अंगणातल्या रुबार्बच्या भाजीला यंदा कसे जाड देठ आलेत ते सांगितलं. तिच्या कुत्र्याची चौकशी केली. नवऱ्याच्या गुडघ्याची केली. बोलता बोलता दर वेळी जवळ यायचा आणि काठावरून मागे फिरायचा. मला त्याचा प्रत्येक शब्द कळत होता असं नाही, पण तो कुठून परत फिरतोय ते कळत होतं. शेवटी पुन्हा हवा आली, पुन्हा रुबार्ब आलं, आणि मग त्याचे ओठ नुसतेच हलायला लागले. पलीकडून बारीक आवाज येत होता, "डॅड? डॅड?"

त्याने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "यू टेल हर, नेव."

मी मागे सरकलो. "माय इंग्लिश..."

"प्लेन," तो म्हणाला. "जस्ट से इट प्लेन."

मी रिसीव्हर घेतला. वर्गात शिकलेलं वाक्यन् वाक्य डोक्यातून निघून गेलं. उरले ते मॅट्रिकचे शब्द.

"जॅनेट. आय ॲम नेव. नेबर. युवर फादर इज हिअर. ही इज स्टँडिंग. ही इज शेव्हिंग टुडे." म्हणजे दाढी केलीय, असं मला म्हणायचं होतं. "ही वॉन्ट्स टु स्टॉप मशीन. ही इज नॉट अफ्रेड. ही इज व्हेरी टायर्ड. ही इज अफ्रेड यू विल क्राय. प्लीज क्राय. प्लीज कम अँड फाइट विथ हिम."

समुद्र ओलांडून एक श्वास आला. मग ती बोलायला लागली. भरभर, वॉल्टरपेक्षा भरभर, मधेच रडत, मधेच संतापून. एक शब्दही माझ्या हाती लागला नाही. मी रिसीव्हर वॉल्टरच्या कानाला लावला आणि त्याची बोटं त्याभोवती मिटवली.

तो खुर्चीत बसला. "आय नो, लव्ह," म्हणाला. "आय नो." आणि मग कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला.

बाहेर हॉर्न वाजला. इस्पितळाची गाडी. मी बाहेर गेलो. ड्रायव्हर घड्याळ दाखवत काच खाली करून काहीतरी बोलला, लांबलचक, रागाचं असावं.

"सॉरी," मी म्हणालो. "आय डोन्ट अंडरस्टँड. ही इज टॉकिंग टु हिज डॉटर. वेट."

मग हात लांब करून त्याने इंजिन बंद केलं. मी गाडीशेजारी उभा राहिलो. उघड्या दारातून वॉल्टरचा आवाज येत होता. आता तोही चढला होता. नाही म्हणत होता, पुन्हा नाही म्हणत होता, आणि मग रडत होता. ड्रायव्हरने रेडिओ बारीक केला.

बऱ्याच वेळाने वॉल्टर बाहेर आला. कोटाची बटणं चुकीची लागलेली. माझ्यासमोर थांबला आणि मला समजेल असं एकेक शब्द ठेवत म्हणाला, "ती येतेय. ती येईपर्यंत मी जात राहीन मशीनवर. त्यानंतर नाही. तिने ऐकलं."

"भांडली?"

"अजून सुरुवात आहे म्हणते," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरचा हात धरून गाडीत चढला.